सरांची तीन मीटरची टेप

आमच्या सरांनी काढलेला माझा एकच फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी कंपनीच्या निळ्या एप्रनमध्ये उभी आहे आणि उजव्या डोळ्याच्या कडेला स्टीलच्या टेपचं टोक धरलेलं आहे. टेपचा उरलेला भाग फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून कुठंतरी बाहेर जातो. चेहरा असा, की मला पोलिसांनी पकडून आणलं आहे आणि मी गुन्हा कबूल करायच्या बेतात आहे. आई म्हणते, हा फोटो कुणाला दाखवू नकोस. पण त्या फोटोत माझी पापणीन् पापणी वेगळी दिसते आणि सरांच्या लेखी फोटोचं काम तेवढंच होतं.

सर म्हणजे वाळूजच्या आमच्या कंपनीतल्या मापन विभागाचे प्रमुख. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. बनलेला प्रत्येक भाग आमच्या खोलीत येतो, मोजला जातो आणि त्याच्या गळ्यात एक टॅग पडतो. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे बाद. आता त्या खोलीत सरांच्या खुर्चीवर मी बसते आणि टॅग मी बांधते, तरी लाल टॅगची गाठ मारताना मागून कुणीतरी बघतंय असं अजून वाटतं. प्रॉडक्शनवाले त्यांना पाठीमागं ‘मायक्रॉन’ म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सरांना हे नाव माहीत होतं आणि आवडायचंही. त्यांची तक्रार एवढीच होती, की आपलं यंत्र दोन मायक्रॉनपर्यंतच वाचतं, तेव्हा नाव ‘दोन मायक्रॉन’ असायला पाहिजे.

माझी मुलाखत घेताना त्यांनी डिप्लोमाच्या गुणपत्रिकेकडे पाहिलंसुद्धा नाही.

“गाव?”

“वैजापूर.”

“वडील काय करतात?”

“बाजार समितीत मापाडी आहेत.”

सर खुर्चीत ताठ झाले. “गोणी नुसती उचलून सांगतील का, किती किलोची आहे?”

मला वाटलं, वडिलांचं कौतुक करायची हीच वेळ. “हो. बरोब्बर सांगतात.”

“आणि मग तेवढंच लिहितात?”

“नाही सर. काट्यावर ठेवूनच लिहितात.”

“उद्यापासून या,” सर म्हणाले.

आमच्या खोलीत ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्यानं खोलीबाहेर जायचं, दार लावायचं, पुन्हा दार वाजवून आत यायचं आणि तेच वाक्य त्या शब्दावाचून बोलायचं. प्लँट हेडसाहेब एकदा पाहुण्यांना खोली दाखवायला आले आणि पाच मिनिटांत तीनदा बाहेर गेले. पाहुण्यांना वाटलं, साहेबांचं पोट बिघडलंय. चहाच्या ग्लासवर सरांनी एक रेघ ओरखडून ठेवली होती, चहा त्या रेघेपर्यंतच. कॅन्टीनच्या मावशी मुद्दाम केसभर वर ओतायच्या आणि सर चमच्यानं तो केसभर चहा परत किटलीत घालायचे. दोघांचं हे इतकी वर्षं चाललं, की मावशी रजेवर गेल्या की सरांना चहा गोड लागायचा नाही. दुसरा नियम होता दोन रीडिंगचा. महत्त्वाचं माप दोन माणसांनी वेगवेगळं घ्यायचं आणि दोन्ही जुळली तरच खरं मानायचं. कुणी म्हणालं, “सर, नुसतं बघूनच कळतंय की,” तर उत्तर ठरलेलं, “तुमच्या डोळ्याला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट आहे का?” कॅलिब्रेशन म्हणजे मोजणाऱ्या वस्तूचंच माप तपासणं.

असा माणूस घडतो तरी कसा, हे मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. सर पाचोडकडचे, धनगराच्या घरातले. वडील आणि थोरला भाऊ वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं फिरायचे. त्या घरात एक नियम सगळ्यांवर होता, मेंढरं मोजायची नाहीत. मोजली की कमी होतात.

“मग एखादं हरवलं तर कळायचं कसं?” मी विचारलं.

“तोंडावरून. जेवायला बसल्यावर तुमची आई पोरं मोजते का? नुसती बघते आणि कोण नाही ते सांगते. तसं.”

सर पहिलीत गेले, शंभरपर्यंत आकडे शिकले आणि घरी येऊन ज्ञान पाजळायला त्यांनी सगळी मेंढरं मोठ्यानं मोजली. आठवड्याच्या आत दोन मेंढरं लांडग्यानं नेली. वडिलांनी काठी काढली. थोरला भाऊ, म्हणजे आण्णा, मध्ये पडला म्हणून सर वाचले, पण पुढं जन्मभर घरात काही हरवलं की आण्णा म्हणायचा, “धाकल्यानं मोजलं असंल.”

“आणि तुम्ही मापन विभागात आलात!”

“मेंढरं सोडून बाकी सगळं मोजायला मोकळीक होती ना,” सर गंभीरपणे म्हणाले.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना सरांच्या जर्मनीतल्या लेकीनं त्यांना नवा कोरा कॅमेरा पाठवला. मागवला त्यांनीच होता आणि तोही रेंजफाइंडर, रोल घालायचा. या कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून बघितलं की मधोमध समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक नीट आणि एक त्याच्या शेजारी फिकट. लेन्सची रिंग फिरवत ते दोन एकमेकांवर आणायचे. दोघांचा एक झाला की अंतर जुळलं आणि फोटो रेखीव येणार. अंतर मोजणारा कॅमेरा या जगात आहे हे समजल्यापासून सरांना बाकीचे कॅमेरे म्हणजे नुसती डबडी वाटत होती.

हे सगळं त्यांना एका फोटोसाठी हवं होतं. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन करायचं तर त्यानंतर महिना-दीड महिना धुळीत जायचं नाही. मग मेंढरं कोण वळणार? आण्णांचा मुलगा वाळूजलाच दुसऱ्या कंपनीत शिफ्टमध्ये, चरायची रानं प्लॉट पाडून दगड रोवलेली. तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली की मेंढरं विकायची, असं घरात ठरलं होतं. आणि आण्णांचा मेंढरांसोबत एकही फोटो नव्हता. होता तो आधार कार्डावरचा, त्यात ते आण्णा सोडून कुणीही वाटतात. “एकच फोटो आहे,” सर म्हणायचे, “पुन्हा काढता येणार नाही. म्हणून तयारी पूर्ण पाहिजे.”

आम्हाला वाटलं, तयारी म्हणजे येत्या रविवारी पाचोड.

कॅमेरा तीन आठवडे आमच्या खोलीत पिवळा टॅग लावून पडून राहिला. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय वापरायची नाही हा नियम, मग ती पोटच्या पोरीनं पाठवलेली का असेना. सरांनी त्याचा चार पानी तपासणी अहवाल लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि दुसऱ्या रीडिंगची सही माझ्याकडून घेतली. मग सुरू झाला जोडसामानाचा शोध.

पैठण गेटजवळ एका वयस्कर चाचांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. मोबाईल आल्यापासून तिथं पासपोर्ट फोटोशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं सर पहिल्यांदा गेले तेव्हा चाचांनी त्यांना चहा पाजला. पुढं पुढं चाचा त्यांना बघून पाणी पिऊ लागले. सर वस्तू न्यायचे, कंपनीत तपासायचे आणि आठवड्यानं लाल टॅगसह परत आणायचे. टॅगवर बाद होण्याचं कारण सुवाच्य अक्षरात.

गळ्यात अडकवायचा पट्टा घ्या. सरांनी तो खिळ्याला टांगला, खाली पाच किलोचं वजन लावलं आणि दोन दिवसांनी मोजला. चार मिलिमीटर वाढला होता. लाल. दुसरा तीन मिलिमीटर वाढला. तिसरा वाढला नाही, पण त्याचं कडं कॅमेऱ्याला घासत होतं. चौथ्या वेळी मी सोबत होते.

“साब,” चाचा म्हणाले, “ये चौथा पट्टा है. कॅमेरा लटकाना है या भैंस?”

“लंबाई कायम नहीं रहती,” सर म्हणाले.

“आदमी बी तो शामकू ढिला पड जाता साब. पट्टा बिचारा क्या करेगा?”

सरांनी यावर विचार केला आणि चौथ्या पट्ट्याला पिवळा टॅग लावला.

लेन्सवर बसवायचं झापड आणलं, ऊन अडवायला. ते बसवलं की खिडकीचा खालचा कोपरा झाकला जायचा. लाल. शटरच्या बटणावर बसवायचं एक छोटं गोल बटण मिळतं, बोटाला मऊ लागावं म्हणून. “बटणाला बटण?” सर म्हणाले, तरी निःपक्षपातीपणानं ते बसवून शंभरदा दाबायचं काम त्यांनी मला दिलं. सदुसष्टाव्या दाबाला ते सुटलं, घरंगळलं आणि मापं घ्यायच्या जड दगडी टेबलाखाली गेलं. ते काढायला चार माणसं लागली. चामड्याचं अर्धं कव्हर, अंगठा टेकवायची पट्टी, वेगळी बसवायची जादा खिडकी, सगळं त्याच वाटेनं गेलं. हिरवा टॅग मिळाला तो दोनच वस्तूंना. एक, धूळ उडवायचा रबरी फुगा. दुसरी, कॅमेऱ्याच्या खिडकीला लावायची चष्म्याच्या नंबरची काच. ती लावल्यापासून सरांना चष्मा काढून बघता यायचं. “बघा, खरं उपयोगी सामान डोळ्याजवळ असतं किंवा बोटाजवळ,” ते म्हणाले. “बाकी सगळं दुकानदाराजवळ असावं.”

चाचांनी हे लाल टॅग फेकले नाहीत, गल्ल्यामागच्या खिळ्याला लावून ठेवले. एखादा हौशी मुलगा महागाचं झापड मागायला आला की चाचा त्याला टॅग वाचायला लावायचे. शहरातले कॅमेऱ्याचे शौकीन मग “साब का हरा टॅग है क्या?” विचारू लागले आणि तो रबरी फुगा चाचांनी म्हणे डझनानं खपवला.

लेन्सच्या झाकणाची गोष्ट वेगळी. या कॅमेऱ्याची खिडकी लेन्सपासून वेगळी असते, त्यामुळं झाकण तसंच राहिलं तरी बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं आणि रोल मात्र काळा निघतो. उपाय म्हणून सरांनी झाकणालाच कायमचा लाल टॅग बांधला, तो लोंबताना दिसला की झाकण आहे. त्या संध्याकाळी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं कॅमेरा अडवला. लाल टॅगचा माल गेटपासशिवाय बाहेर जात नाही. सर पाऊण तास गेटवर उभे राहिले, बस गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सिक्युरिटीवाल्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

मी एकदा धीर करून म्हणाले, “सर, आता तरी फोटो काढा. कॅमेरा स्वतःच अंतर जुळवतो ना?”

“दोन चित्रं एक झाली हे कोण ठरवतं?”

“आपण. डोळ्यानं.”

“मग?” सर म्हणाले. पुढं सर्टिफिकेटचं त्यांना बोलावं लागलं नाही.

आणि अशा रीतीनं ती टेप आली. तीन मीटरची, स्टीलची, कंपनीच्या कॅलिब्रेशनचा स्टिकर असलेली. एक टोक ज्याचा फोटो काढायचा त्यानं डोळ्याच्या कडेला धरायचं, दुसरं सर कॅमेऱ्याला लावणार, मग लेन्सवरचा आकडा तेवढाच फिरवणार. मी म्हटलं, मोजून झाल्यावर टेप सोडून देऊ. “टेप सोडली की माणूस सैल पडतो,” सर म्हणाले, “इंचभर मागं जातो. मग मोजलं कशाला?” म्हणून आमच्या विभागातल्या सगळ्यांचे फोटो टेप धरून आहेत. आमच्यातल्या एकानं लग्नाच्या बायोडाटासाठी सरांकडून फोटो काढून घेतला. पाहुणे म्हणाले, मुलगा शिंपी आहे का? पण मुलीनं तोच पसंत केला. बाकीचे उंची खोटी सांगतात, हा निदान टेप घेऊन उभा आहे, असं तिचं म्हणणं होतं.

निवृत्तीचा समारंभ झाला. सरांना शाल दिली, सरांनी शालीची वीण बघितली. तीन महिन्यांनी एका सकाळी फोन आला.

“परवा पाचोडचा बाजार. आण्णा मेंढरं घेऊन निघणार. ऑपरेशनची तारीख मिळाली.”

“कॅमेरा तयार आहे ना, सर?”

“पट्टा अजून पिवळ्यात आहे.” मग जरा हळू आवाजात, “दुसरं रीडिंग घ्यायला माणूस लागेल. तुम्ही या.”

बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही माझ्या छोट्या कारनं बीड रोडला लागलो. सरांनी कॅमेरा टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. आडूळ गेल्यावर त्यांनी टॉवेलाची गुंडाळी आणखी घट्ट केली. मग म्हणाले, “पहिलीत होतो तेव्हा मोजली नसती तर बरं झालं असतं.” मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघितल्यावर मी ते आवरलं.

आण्णांची वस्ती गावाबाहेर. घरामागं जाळीच्या कुंपणात मेंढरं उभी होती. आण्णा उंच, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही बुबुळं दुधाळ.

“आलास व्हय धाकल्या? कोणंय संगं?”

“कंपनीतल्या मॅडम हायत.”

“पोरगी हाय म्हण की. ये गं बाय.”

सरांच्या वहिनींनी चहा दिला. सरांनी ग्लासची रेघ शोधली नाही, सगळा पिऊन टाकला. मग आण्णांना मेंढरांपुढं उभं केलं, मेंढरं त्यांच्याभोवती आपोआप जमली आणि सरांनी खसकन टेप ओढली. त्या आवाजानं दोन मेंढरं उडाली.

“काय हाय ते?” आण्णांनी विचारलं.

“टेप हाय, आण्णा. हे टोक डोळ्यापाशी धर.”

आण्णांनी हात मागं घेतला. “जित्याला टेप लावतो व्हय रं?”

“तुला नाय मोजत. अंतर मोजायचंय.”

“एक टोक माझ्यापशी नि एक तुझ्यापशी, मंग मोजतोस कुणाला? बापाला माप लावलं व्हतं आपण, तिरडीचा बांबू तोडायच्या टायमाला. त्याच्यावर ह्या घरात कुणाला लावलं नाय. आन आजच्या दिशी तर मुळीच नाय.”

सर टेप हातात घेऊन तसेच उभे राहिले. हा माणूस जर्मन इंजिनियरांशी दोन मायक्रॉनसाठी भांडलेला मी पाहिला होता. भावापुढं मात्र त्यांनी टेप खिशात घातली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग फिरवू लागले. पुढं, मागं, पुन्हा पुढं.

“दोन आण्णा एक होईनात,” ते मला म्हणाले. “तुम्ही बघा. किती असेल?”

“तीन मीटर असेल.”

“तीन, की तीन पूर्णांक शून्य?”

मी काय सांगणार? माझ्या डोळ्यालाही सर्टिफिकेट नव्हतं. तिकडं ऊन वर येत होतं, बाजार भरत आला असणार, मेंढरं कुंपणाच्या तोंडाशी ढकलाढकली करू लागली होती. आण्णांचा मुलगा मोटरसायकलवर बसून घड्याळ बघत होता.

“बगू तरी काय करायलास ते,” म्हणत आण्णांनीच कॅमेरा मागितला. सरांनी तो त्यांच्या डोळ्याला लावून दिला. “आण्णा, आतमधी दोन दिसत्याल. रिंग फिरवून त्याचं एक करायचं.”

आण्णा बराच वेळ बघत राहिले. “ह्याच्यासाठी पोरीला एवढा खर्च कशाला? मला बिनकॅमेऱ्याचं बी दोन दिसतंय.”

सगळे हसले, सर सोडून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं आणि बहुधा वहिनींनाही दिसलं. त्या घरात गेल्या आणि एक जाड दोरी घेऊन आल्या. मेंढरांच्याच लोकरीची, त्यांनी स्वतः कातून वळलेली, कोकराच्या गळ्यात बांधतात तसलं दावं.

“भावजी, हे एका बाजूनं तुमी धरा, एका बाजूनं ते धरत्याल. दावं धरायला काय व्हतंय?”

सर दोरी घेऊन घराच्या मागं गेले, मी मागोमाग. भिंतीच्या आडोशाला त्यांनी टेप जमिनीवर पसरली, शेजारी दोरी ठेवली आणि तीन मीटरवर गाठ मारली. “दुसरं रीडिंग,” ते म्हणाले. मी गुडघ्यावर बसून वाचलं. तीन पूर्णांक शून्य.

“पण लोकर ताणली जाते,” सर कुजबुजले. “पट्टा चार मिलिमीटर—”

“सर, मेंढरं निघाली,” मी म्हणाले, जरा जोरातच. त्यांच्यावर आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ.

आण्णांनी दोरीचं टोक हातात घेतलं आणि बोटानं चाचपलं. “गाठ नवी हाय.”

“सटकू नये म्हणून मारलीया,” सर म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खोटं.

“व्हय,” आण्णा म्हणाले, “कोकरू लई वढाळ हाय.” आणि त्यांनी ती गाठ आपणहून डोळ्याच्या कडेला नेऊन धरली.

दोरी ताठ झाली. सरांनी लेन्सचा आकडा तीनवर आणला, श्वास धरला.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “ती लाल चिठ्ठी तशीच लोंबतीया की.”

झाकण! सरांनी ते ओढून काढलं आणि एवढ्या गडबडीतही वळून माझ्याकडे बघितलं. “बघितलंत? सिस्टीम.” मग त्यांनी फोटो काढला. एकच. सरांनी मान वर करायच्या आत आण्णांनी दोरीचं टोक सोडलं, जीभ टाळूला लावून आवाज केला आणि मेंढरं त्यांच्यामागं बाजाराच्या वाटेला लागली. आम्ही धूळ खाली बसेपर्यंत उभे होतो.

रोल धुवायला पुण्याला गेला. परत आला तेव्हा त्यात सरांच्या घरातल्या भिंतीचे पस्तीस फोटो होते, भिंतीला फूटपट्टी चिकटवलेली, प्रत्येक वेगळ्या अंतरावरून. छत्तिसावा आण्णांचा. चाचांनी तो खिडकीएवढा मोठा करून दिला आणि सरांनी तो हातात घेताच चाचांनीच विचारलं, “साब, टॅग कौनसा?” सरांनी टॅग न लावताच तो टॉवेलात गुंडाळला.

दीड महिन्यानं आम्ही तो घेऊन गेलो. आण्णांचे दोन्ही डोळे झाले होते. काळा चष्मा काढून ठेवून ते खाटेवर बसले, फोटो मांडीवर उभा धरला. स्वतःकडे त्यांनी बघितलंही नाही.

“ही बुजरी,” ते म्हणाले. “ही काळकानी. ही तिची लेक, आईवानीच वाकडी मान करती. ही लंगडी, टायमाला चांगली उभी राहिली बघ. ह्यो एडका, ह्याला मी पायानं वळखायचो, तोंड आज बघायलोय. वरसं झाली तोंडं दिसून.” एकेक चेहऱ्यावर बोट ठेवत ते चालले होते. मागच्या रांगेत एका मेंढीचा नुसता कान दिसत होता. तिथं बोट थांबलं, मग म्हणाले, “ही पाडव्याला झालेली.” फोटोत लोकरीचा केसन् केस सुटा होता. सरांचा तो सगळा वेडेपणा, ते झापड, ते बटण, ते चार मिलिमीटर, कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं आणि मला रडू आलं. मी सरळ रडले.

खालच्या कोपऱ्यात एक जाड पुसट रेघ आत शिरून आण्णांच्या डोळ्यापर्यंत जात होती. आण्णांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग फोटो सरांपुढं धरला.

“धाकल्या, मोज आता.”

“नको, आण्णा.”

“मोज की. आता कशी कमी व्हत्यात?”

सरांनी खिशातलं पेन काढलं. टोक फोटोला लागू न देता मोठ्यानं मोजायला लागले, शाळेतल्या मुलासारखं एका सुरात. चौदापर्यंत गेले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी शेवटापर्यंत पोहोचले.

“किती झाली?” आण्णांनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला. “अंदाजे चाळीस.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते उठले, बाहेर गेले आणि दार लावून घेतलं.

“काय झालं रं ह्याला?” आण्णा दाराकडे बघत म्हणाले. मी त्यांना आमच्या खोलीतला नियम सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, मान हलवली आणि फोटो मांडीवर तसाच धरून वाट बघत बसले. वहिनी उठून दार उघडायला निघाल्या तर त्यांना हातानं थांबवलं. सर बाहेर खूप वेळ होते.

शेवटी दार वाजलं.

“ये,” आण्णा म्हणाले. “बुजरीला दोनदा धरलंस. पुन्यांदा मोज.”